गच्चीची किल्ली

दात पडला शाळेच्या बसमध्ये,
खुबूसचा तुकडा चावताना.
रुमालाच्या चार घड्यांत तिने तो घरी आणला,
माझ्याच कामाचा नमुना असल्यासारखा.

मी दिवसभर दातच करतो.
मनामातल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
प्लास्टरच्या जबड्यांसमोर बसून
पोर्सिलेनवर पिवळसर झाक चढवतो,
कारण अगदी पांढरा दात लगेच खोटा दिसतो.
इतका छोटा मात्र कधी घडवला नाही. कुणी मागत नाही.

"कौलांवर टाकायचा," मी म्हणालो.
"कौलं म्हणजे?"
देवरुखला, न्हाणीच्या छपरावर
माझे सगळे गेले, एक सोडून. तो मी गिळला होता.
उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे,
म्हणून दाखवलं, तर आवाज अर्ध्यातच उतरला.
इथे अकरा मजले, आणि उंदीर फक्त तळघरात,
त्यांच्यासाठी दर महिन्याला औषधवाला येतो.

"नूफ म्हणते, सूर्याकडे फेकायचा.
गाढवाचा दात घे, हरणाचा दे, म्हणायचं."
मग जरा थांबून,
"पण माझा गाढवाचा नाहीये."

गच्चीला कुलूप. किल्ली खैरुलकडे.
लुंगी सावरत तो वर आला, कशाला ते न विचारता.
रुमाल पाहिला आणि आपणच म्हणाला,
नोआखालीत बिळात टाकतात.
मुलाचे तीन पडले. तिन्ही फोनवर पाहिले.

वर एसीच्या यंत्रांची घरघर, डिशच्या थाळ्या,
समुद्र कुठे संपतो ते धुळीने पुसलेलं.
सूर्य पितळी, थकलेला, रोखून बघता येईल असा.
अन्विताने हात मागे नेला
आणि दोन्ही मंत्र कालवून ओरडली,
"सूर्यमामा, माझा दात घे, उंदराचा दे!"
फार लांब नाही गेला.
कुठल्याशा पत्र्यावर टक् वाजला.
"पोचला?"
"पोचला," खैरुल म्हणाला, माझ्याआधी.

हसला तेव्हा दिसलं, त्याचे वरचे दोन नाहीत.
जिना उतरताना हळूच विचारलं,
एक दात कितीला पडतो, साब?
मी खरा आकडा सांगितला, मग निम्मा केला,
तरी तो बोटांवर महिने मोजत राहिला.

"यांचे पडलेले कुठे ठेवलेत विचार ना,"
जिभेने नवी खिडकी चाचपत अन्विता म्हणाली,
"अजून टाकता येतील."

मी त्याच्या उरलेल्या दातांचा रंग बघत होतो.
चहाचा, पानाचा, मधे कुठे जुन्या हाडाचा.
आमच्या तक्त्यात सोळा छटा आहेत.
ही नाही.