ओढ

सोहारच्या बंदराजवळ, दवाखान्याच्या मागच्या अंगाला
आमची लॅब. दोन खोल्या, एक इनक्युबेटर,
एसीचं पाणी झेलायला हमूसचा रिकामा डबा.

ऑगस्ट. बाहेर सत्तेचाळीस.
नमुना एकतीस: यादगिरी पोशट्टी, क्रेन ऑपरेटर, वय एक्केचाळीस.
लघवी गढूळ, तळाला साका.
दुसऱ्या सकाळी बशीवर गुलाबी ठिपके,
कुणाच्या खिशातून बडीशेपेच्या गोळ्या सांडाव्यात तसे.
रिपोर्टात मी जंतूचं नाव लिहिलं, संख्या लिहिली,
कुठलं औषध चालेल ते लिहिलं.
पकडीसाठी रकाना नसतो.

पण रात्रपाळीला मला कोणी विचारत नाही.
पावाचं यीस्ट आणलं होतं, इडलीसाठी म्हणून.
काचपट्टीवर त्याचा एक थेंब, त्यात हे जंतू,
आणि पट्टी हळूहळू डोलवली.
मिनिटभरात दूध नासावं तसा थेंब फाटला,
गुठळ्या झाल्या.
म्हणजे हात आहेत यांना.
केसाहून हजारो पट बारीक, स्प्रिंगसारखे गुंडाळलेले,
आणि टोकाला एक प्रथिन,
ज्याला एकच चव कळते:
मॅनोज नावाची साखर.
यीस्टच्या अंगावर ती असते.
मूत्राशयाच्या पेशींनीही ती दारात रांगोळीसारखी मांडलेली,
कुणासाठी ते पेशींना ठाऊक,
यांच्यासाठी नक्कीच नाही.

दुसऱ्या थेंबात मी सुटी मॅनोज आधीच टाकली.
डोलवत राहिले. गुठळी नाही.
प्रसादानं दोन्ही मुठी भरलेलं पोर
कशाला धरेल कुणाचा पदर?

एक गोष्ट मात्र मला कॉलेजातही पटली नव्हती.
धार जोरात आली की कुणीही वाहून जावं.
यांचं उलटं.
संथ पाण्यात हे सैल, घरंगळत, दारोदार.
ओढ लागली की टोकाचं प्रथिन लांबतं
आणि साखरेवर मूठ आवळतं.
दाभोळच्या खाडीत मावशी सांगायची,
कुर्लीनं बोट धरलं तर हिसकू नकोस,
हात पाण्यात सोड, गप उभी राहा,
तिचं तिला कळतं.
मी आठ वर्षांची, मी हिसकलंच. वण अजून आहे.

यादगिरी रिपोर्ट न्यायला आला
तेव्हा बोट दाखवून मी त्याला हे सगळं सांगितलं,
माझ्या मोडक्या हिंदीत, त्याच्या निजामाबादी हिंदीत.
पाणी पी म्हटलं. भरपूर. थांबवून ठेवू नकोस.
तो म्हणाला, मॅडम, पाणी वर जातं,
पण मला खाली यायला वीस मिनिटं, परत चढायला पंचवीस,
आणि खाली फोरमन घड्याळ घेऊन.
बाटली आहे केबिनमध्ये.
पण केबिन चारी बाजूंनी काच.
अख्खं बंदर बघतं.
हसला. मग विचारलं,
ओढलं की घट्ट धरतं म्हणता,
मग औषध काय करतं?
मारतं, म्हटलं.
सोडवत नाही?
नाही.
गोळ्यांची पट्टी त्यानं हेल्मेटमध्ये ठेवली.

सप्टेंबरात पुन्हा तोच. तेच गुलाबी ठिपके.
भिंगाखाली या वेळी पेशीच पेशी, मोठ्या, पसरट,
अंगावर जंतू घेऊन सुटून आलेल्या.
शरीर असं करतं:
पकड सुटत नसेल तर
भिंतीचा गिलावाच खरवडून टाकतं.
आणि काही जंतू तोवर
आतल्या विटांमध्ये शिरलेले असतात, निजलेले.
हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

लॅबच्या खिडकीतून चौथी क्रेन दिसते.
वर एक पिवळा दिवा, कंटेनर अधांतरी,
शमाल सुटला की जरा झुलतो.
काल दहाच्या सुमाराला तो हलायचा थांबला.
मी बशा मोजत होते, मोजणी चुकले.
पंचेचाळीस मिनिटं.
वाऱ्यामुळे असेल.
किंवा तो शिडीवर असेल, खाली येताना,
एकेका पायरीवर हात घट्ट.