टाचा उचलून

सत्कार आटोपला तेव्हा साडेपाच वाजले होते.
प्राचार्यांनी दोनदा ‘क्रीडामहर्षी’ म्हटलं
आणि नाव एकदा चुकवलं,
बाळगोंडाचं बाळासाहेब केलं.
मगदूम सर हसले नाहीत.
नारळ कानाशी नेऊन हलवला,
पाणी आहे का बघितलं.

मग आम्ही दोघं मैदानावर आलो, भिलवडीच्या,
जिथं सीझनमध्ये ट्रॉल्यांतून पडलेला ऊस
कुंपणापाशी मेपर्यंत वाळत असतो,
आणि वारा नदीकडून सुटला
की फक्कीनं आखलेल्या पाट्या संध्याकाळ बघत नाहीत.

चौतीस वर्षं. दोन खांब.
एकोणीसच्या पुरात इथं पुरुषभर पाणी होतं.
ओसरल्यावर सरांनी खोरं घेऊन गाळ ओढला,
पश्चिमेचा खांब नवा बसवला,
पूर्वेचा कललेला तसाच ठेवला.
“वाकड्या खांबावर सूर मारायला शिकलेली पोरगी
कुठल्याबी मैदानावर पडत न्हाई.”
पडलो आम्ही. पुष्कळदा.

मी नव्याण्णव सालची,
पाचव्या चौकातली मुजावर.
इस्लामपूरला विभागाचा अंतिम सामना,
शेवटचं दीड मिनिट, एका गुणाचा फरक,
आणि मागून पावलं ऐकून
मी खो मिळायच्या आधी उठले.
शिट्टी.
अर्ध्या सेकंदाची चूक. सरांनी ती
पंचवीस वर्षं जपली,
बाई माहेरचा तांब्या जपते तशी.
निकाहाला आले, वेगळं शिजवलेलं जेवले,
हात धुताना अब्बांना म्हणाले,
“पोरगी गुणाची हाय. फक्त घाई करती.”

जानेवारीत मिरजेला त्यांचा गुडघा बदलला.
तेव्हापासून सराव मीच घेतेय.
हजेरीवर सही माझी,
कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये,
आणि एप्रिलात तर मॅटसाठी अर्जसुद्धा केला,
त्यांना न विचारता.
म्हणजे परत तेच.
आदेश जूनचा, मी उठले जानेवारीत.

ते काही बोलले नाहीत त्यावर.
पिशवीतून वही काढून दिली,
दोनशेपानी, मेणकापडाचं कव्हर.
मला वाटलं डावपेच असतील, साखळ्या, आकडे.

‘कोळेकर. उपाशी येते. शेंगदाणे आणणे.’
‘सुतार. वडिलांना भेटलो. नाही म्हणाले.’
‘सुतार. परत गेलो.’
‘सुतार. परत गेलो. चहा दिला.’
‘सुतार. आली.’

माझं पान शोधलं. शाई फिकट झालेली.
‘मुजावर. पाऊल ऐकते.
हे शिकवता येत नाही.’

वही मिटली.
पाचव्या चौकात जाऊन बसले,
सत्काराची साडी गुडघ्यात खोचून,
तोंड नदीकडे, बोटं मातीत,
टाचा उचलून.

ते मागून आले.
नव्या गुडघ्याची चाल वेगळी वाजते:
एक पाऊल पडतं,
एक ठेवलं जातं.
पाठीवर हात टेकला.
शब्द आला नाही.

नियम मला त्यांनीच शिकवलाय,
हात आणि आवाज एकाच वेळी.
नुसत्या हाताचा खो पंच धरत नाहीत.

कुंपणापलीकडून एक ट्रॅक्टर गेला, गाण्यासकट.
तो गेल्यावर सरांनी घसा साफ केला.
पुन्हा केला.

मी मान वळवली नाही.
या खेपेला मी आधी उठणार नाही,
दिवे लागले तरी.