मिस

जयगडच्या जेट्टीवर इंजिन उघडं टाकून
बूशहरचा बेहरूझ विचारतो, 'मिस' म्हणजे?
चुकणं, मी म्हणालो. लाँच मिस झाली. नेम मिस झाला.
त्यानं वहीत उजवीकडून डावीकडे उतरवलं,
मग तेलकट बोटानं मोबाइल पुढे केला.
लेक नुकतीच इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागलेली:
मिस यू बाबा.

'बाबा' दोघांनाही कळलं.
पण तिचं काय चुकलं, त्यानं विचारलं.

दर्या, बंदर, नाखवा,
इथवर आम्हाला दुभाषा लागला नव्हता.
छातीवर मूठ आवळत तो म्हणाला, दिल… तंग?
माझ्याकडे तंग फक्त लग्नातला कोट.
तरी हो म्हटलं.

रात्री सोलकढी ओतताना आठवलं:
चुकल्या-चुकल्यासारखं.

चप्पल न घालता धावलो.
भरती होती.
जेट्टीला नुसता
दोर बांधायचा खुंटा.