चांदणी

जे वाक्य भाषेत होत नाही
त्याच्या आधी एक चांदणी काढायची,
आमच्या विषयाची रीत अशी.
पहिल्याच महिन्यात मी वहीभर आकाश केलं.

दिघेबाई तासाला उशिरा यायच्या,
घुमटाखालच्या जिन्यावर कोणीतरी अडवलेलं असायचं.
त्या दिवशी आल्या तेव्हा
पुण्याच्या एका मुलाने माझं वाक्य
फळ्यावर लिहून ठेवलं होतं :
आई भाजी समारते.
आणि आधी, ठळक, चांदणी.

वर्ग हसला. मीही हसले, सगळ्यांच्या आधी.
"कोणाची आई?"
"माझी. दांडिया बाजारात राहते."
"किती वर्षं समारते?"
मला हिशेब लागेना.
बाईंनी करंगळीने चांदणी पुसली.
नेमलेला धडा त्या दिवशी झालाच नाही.

वेस्ता राठवा छोटा उदेपूरहून यायचा, पहाटेच्या बसने.
त्याच्या आजीचा एक शब्द
बाईंनी अकरा वेळा ऐकला, डोळे मिटून,
तोंडाने करून पाहिला, हरल्या.
"माझा कान इथवर पोचत नाही रे.
तू लिही, मी तपासणार नाही."
तो पुढच्या बाकावर आला, असं काही नाही.
मागेच बसायचा.
पण पाय ताणून.

माझ्या प्रबंधाच्या समासात शिसपेन्सिलीने
एकच प्रश्न, एकोणीस ठिकाणी :
हे कोणी सांगितलं? नाव लिहा.
उत्तर कुठेच नाही. राग यायचा मला.

आईचं नाव लिहिलं. तिला वाचून दाखवलं.
आणि दुसऱ्या दिवसापासून आई
पाहुण्यांदेखत 'चिरते' म्हणू लागली,
दुसऱ्याची काचेची बरणी उचलावी
तसा शब्द उचलत.

बाईंना सांगितलं, गंमत म्हणून.
त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"हे माझं चुकलं."

रविवारी आल्या, खंडेराव मार्केटातून
किलोभर गवार घेऊन.
टेप नाही, वही नाही.
ओट्याखाली पाट ओढून मोडत बसल्या,
शिरा न काढता, एक तुकडा बोटभर, एक नखाएवढा.
आई बघत राहिली. बघवेना तिला.
"अहो बाई, असं कोण समारतं?"
म्हणाली, आणि विळी स्वतःकडे ओढली.

बाईंनी मान वर केली नाही.
पुढची शेंग
आणखी वाईट मोडली.