शेवईएवढी रेघ

नाना पेठेतल्या आमच्या सेंटरात
दुपारी तीनला गर्दी विरळ होते.
तेव्हा आल्या ठकूबाई भिंताडे,
बसच्या पायरीवरून घसरलेल्या,
डाव्या गुडघ्याचा भोपळा झालेला.

साडी वर घ्या आजी, हलू नका.
हाड शाबूत होतं.
पण नडगीच्या मागे, मांसात,
एक पांढरी रेघ, वळत वळत गेलेली,
शेवईएवढी.

मला वाटलं, काठाचा दोरा सुटला असेल.
काठ सारखा केला, प्लेट पुसली,
पुन्हा काढला.
रेघ तिथंच.

शिकाऊ डॉक्टर वाकून बघत राहिला.
"पायात कधी तार घातली होती, आजी?"
ठकूबाई लंगडत स्क्रीनपाशी आल्या,
चष्मा पुसला पदरानं,
आणि यात्रेत माहेरचं माणूस दिसावं तशा हसल्या.
"अगं बया! ह्यो हितंच हाय व्हय?"

नारू.
कोर्सच्या पुस्तकात चार ओळी होत्या,
सर म्हणालेले, हे सोडून द्या,
हे आता येत नाही.

"दुष्काळाचं साल. पुरंदरात, आमच्या वाडीला
बारव एकच. पाणी पार तळाला.
गुडघाभर उतरायचं, मग हंडा बुडायचा.
पायाला आधी नुसती खाज,
मग फोड, मग अशी आग
की चुलीत पाय घातल्यावानी.
पाण्यात उभं ऱ्हायलं की निवायचं.
लई बरं वाटायचं, बाई."

जरा थांबल्या.
"आन तितंच तो त्याची पोरं सोडायचा.
आमी तेच पाणी घरी न्यायचो,
पोरांना पाजायचो.
कुणाला ठावं?
वरीस उलटायचं, मग दिसायचं
कुणाच्या घरी काय पाजलं ते."

आणि औषध? मी विचारलं.
"हिंग खाल्ला. रुईचं पान बांधलं.
वैदूनं तुंबडी लावली, त्याला कोंबडी दिली.
पर औषध म्हंजे काडी.
आगपेटीची, गूल खुडलेली.
माझी नणंद भागूबाई,
रोज दिस उगवायला उकिडवी बसायची माझ्या पायाशी.
तोंड बाहेर आलं की काडीला गुंडाळायचा,
दोन बोटं, बास.
वर फडकं बांधायचं.
उद्या पुन्ना दोन बोटं.
घाई केली की तुटतो,
तुटला की आत सडतो, पाय जातो.
माझ्या दिराचा गेला.
महिनाभर खडी फोडायला जाता आलं न्हाई,
भागू तिच्या सुकडीतली निम्मी मला द्यायची,
आन शिव्या पन द्यायची."

नंतर सायकलवर एकजण येऊ लागला,
बाटलीतलं औषध मोजून बारवेत टाकायचा,
घराघरात दुहेरी फडकं वाटायचा गाळायला.
त्या फडक्याचं कुणी कुणी झबलं शिवलं.
पुढं हापसा आला.
त्याचं पाणी मचूळ, म्हणून बाया कुरकुरल्या,
बारवेला जाळी बसली तेव्हा
दोघी-तिघी रडल्याही म्हणे.

डॉक्टरनं रिपोर्टात लिहिलं एका ओळीत:
जुना, मृत, कॅल्शियम साचलेला कृमी.
उपचाराची गरज नाही.

ठकूबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.
"उपचाराची गरज न्हाई," स्वतःशी म्हणाल्या.
मग एकदम, "ह्यो फोटू मला देनार ना?
भागू हाय अजून, हडपसरात लेकाकडं.
दिसत न्हाई फारसं, पर उजेडाला धरीन.
जल्मभर सांगत आली समद्यांना,
ठकीच्या पायातले समदे म्या काढले, एकबी ठेवला न्हाई."

मी फिल्म पाकिटात घालून दिली.
त्यांनी ती पिशवीत बसेना म्हणून बाहेर काढली.
वाकवू नका आजी, चरे पडतात, म्हणाले मी.
ऐकलं नाही.
बाकावर बसल्या, पाय लांब केला,
आणि कडेपासून गुंडाळायला लागल्या,
दोन बोटं,
थांबून,
पुन्हा दोन बोटं.