दोनशे सात तास

मेल आला : किमान पाचशे तास हवेत.
माझ्याकडे दोनशे सात.
त्यातले अकरा रात्रीचे,
आणि एक धुळीत वाट चुकल्याचा, तोही धरून.

सेलूत स्टेशन रोडला पप्पांचं रिवाइंडिंगचं दुकान.
जळक्या वार्निशच्या वासात बसून मी अर्ज भरते.
पप्पा तांब्याची तार गुंडाळत असतात
ओठांतल्या ओठांत वेढे मोजत;
मधे कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून.

मुनीरचाचा जळालेली मोटार टेकवतात काउंटरवर,
"काय मॅडम, कवा बसवतीस इमानात?"
मी हसते.
लायसन्स भिंतीवर आहे, फ्रेम करून,
बिलबुकाच्या खिळ्याशेजारी.

दुपारी नांदेडकडं एक विमान गेलं.
मान वर न करता म्हणाले,
"अठरा हजार फूट. उतरायलंय."
पप्पांनी विचारलं, "आन् तुझे किती राहिले?"
"दोनशे त्र्याण्णव."

ते हातातल्या गुंडाळीकडं बघत राहिले.
आकडा निसटला होता.

मग काही न बोलता
सगळी तार उलगडली,
आणि म्हणाले,
एक.