चेंडूवरची तीन अक्षरं

बर्फ कारखान्यामागे आमचं मैदान,
म्हणजे वाळूत पुरलेले सुरूचे दोन वासे
आणि मधे चोगल्यांच्या जुन्या डोलीचा तुकडा.
जाळ्याची उंची दादल्या चोगले दर हिवाळ्यात
हात वर करून मोजतो.
दर हिवाळ्यात तो थोडा वाकलेला असतो,
मग जाळंही.

चेंडू आला वादळाच्या आठवड्यात.
बंदराबाहेर दहा चिनी बोटी नांगरून होत्या,
किनाऱ्यावर उतरायची परवानगी नाही.
रात्री त्यांचे दिवे एवढे,
की पोरं म्हणाली, समोर शहर उगवलंय.
पाचव्या दिवशी वारा पडला, शहर निघून गेलं.
सहाव्या दिवशी भरतीच्या रेघेवर
एक चप्पल, थर्माकोलचा चुरा, फुटका फ्लोट,
आणि पिवळा-निळा चेंडू. हवा शाबूत.
त्यावर तीन अक्षरं,
घरांच्या नकाशांसारखी.

नजीर मिरकर म्हणाला, कंपनीचं नाव असेल.
दादल्या म्हणाला, शिवी असेल.
त्या शिवीवर आम्ही सहा वर्षं खेळलो.

मग नजीरच्या तहुरानं
एका दुपारी फोन धरला चेंडूवर
आणि फोननं सांगितलं:
हा व्हॉलीबॉलचा क्लब आहे, पुरुषांचा,
मोठ्या शहरातला,
गेली कित्येक वर्षं तोच जिंकतो.
आम्ही चेंडूकडे पाहिलं.
लाडघरकडून अकरा वेळा हरलेला चेंडू.

त्यांचे सामने आपल्या पाच वाजता,
ऐन लिलावाच्या वेळी.
फोन सुरमईच्या टोपलीला टेकवून ठेवायचा.
इकडे बोली चढते, तिकडे स्कोअर,
तीनशे, साडेतीनशे, चोवीस-बावीस,
आणि चिनी समालोचक असा ओरडतो
की बायका वळून विचारतात, कुणी घेतली?

सगळे त्या उंच स्मॅशरवर फिदा.
मी तेरा नंबरला बघतो.
लिफ्टर आहे, माझ्यासारखा.
बुटका. बोटांना पांढरी पट्टी.
प्रत्येक चेंडू त्याच्या हातातून जातो
आणि त्याच्या हातात एकही राहत नाही.
पाठ करून देतो तो चेंडू,
न बघता, मागच्या माणसाला,
जसं अंधारात घरातलं कुणी
तांब्या पुढे करतं.
पॉइंट पडला की कॅमेरा दुसरीकडे जातो.
हा तेवढ्यात शर्टाला हात पुसून घेतो.
मला तेवढंच बघायचं असतं.

मी बावीस वर्षं बर्फ फोडतो.
माझी लादी दुसऱ्याच्या मासळीखाली जाते,
पुण्यापर्यंत, गोव्यापर्यंत,
आणि पोचेस्तोवर पाणी होते.
बर्फ छान होता असं
जेवताना कोण म्हणतं?

एकदा ते फायनल हरले.
समालोचक गप्प. जेटीवर आम्हीही गप्प.
तेरा नंबरनं वाकून
बोटांची पट्टी सोडवली, गोळी केली,
आणि खिशात ठेवली. टाकली नाही.
नजीर म्हणाला, चला, आता हे आपले झाले.
कुणी हसलं नाही, तोसुद्धा.

चेंडू यंदा गेला.
शिवणीतून आतला फुगा बाहेर आला,
दादल्यानं सुतानं शिवून पाहिला, जाळ्याच्या गाठीनं,
तरी गेला.
दापोलीहून नवा आणला, नऊशे रुपये,
गुळगुळीत, बिननावाचा.
तहुरानं मार्करनं त्यावर
आठवतील तशी तीन अक्षरं काढली.
मधल्यात एक रेघ जास्त पडली.
आता तिकडच्या कुणी वाचलं
तर भलतंच काही निघेल,
आडगावच्या कुठल्या क्लबाचं नाव,
किंवा दादल्याची शिवी.
पुसू का, तिनं विचारलं.
राहू दे, म्हटलं.

उद्या लाडघर.
मतलई वारा सुटलाय, सर्व्हिस समुद्राकडे ओढेल.
दादल्या जाळ्याखाली उभा राहून हात वर करतोय,
नजीर म्हणतोय, टाचा वर कर, म्हाताऱ्या.
मी कारखान्याच्या पायरीवर बसून
एकेका बोटाला पट्टी गुंडाळतो,
आधी अंगठा.